विचारा बिनधास्त : स्लाइडवरचं समीकरण ओळीत का थांबत नाही?

प्रश्न : सर, मी औशाजवळच्या एका हायस्कुलात गणित शिकवते. दहावीच्या वर्गसमीकरणांवर पॉवरपॉइंटमधे स्लाइडा केल्यात. मराठी वाक्य टाइप करत करत मधे समीकरण टाकायला गेले की ते वाक्यात न बसता स्लाइडच्या मधोमध वेगळंच जाऊन बसतं. मग वाक्यात स्पेस मारून मारून जागा करते आणि ते उचलून त्या जागेवर ठेवते. घरच्या लॅपटॉपवर एकदम बरोबर दिसतं, शाळेतल्या कॉम्प्युटरवर लावलं की सगळं इकडचं तिकडं. पोरं मागून ओरडतात, "मॅडम, ते वर्गमूळ वर कुठं सरकायलंय?" काय करावं?
— एक मॅडम, औसा

उत्तर : मॅडम, पोरं चेष्टा करत असली तरी त्यांचं निरीक्षण चुकलेलं नाही. आणि हसू नका, मी स्वतः हेच करून बसलोय. एका कॉलेजात पाहुणा म्हणून गेलो होतो, चाळीस स्लाइडा, सगळ्या समीकरणांची चित्रं करून स्पेसच्या फटीत चिकटवलेली, रात्री दीडपर्यंत जागून. तिथल्या कॉम्प्युटरवर माझा मराठी फॉन्ट नव्हता. त्याने दुसरा फॉन्ट घेतला, तो जरा रुंद होता, ओळीतले शेवटचे दोन शब्द खाली उतरले आणि माझं वर्गमूळ बरोब्बर "विद्यार्थ्यांनी" या शब्दाच्या डोक्यावर जाऊन बसलं, म्हणजे विद्यार्थ्यांचंच वर्गमूळ काढल्यासारखं. हॉलमधे जे हसू झालं ते अजून कानात आहे.

होतं असं की वाक्य एका चौकटीत असतं आणि समीकरण दुसऱ्या. वाक्यातली अक्षरं फॉन्ट बदलला की, साइज बदलली की, एखादा शब्द वाढवला की पुढे मागे होतात. ती वेगळी चौकट मात्र जिथे ठेवली तिथेच खुंटीला बांधलेल्या म्हशीसारखी उभी. दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही तर बरोबर चालतील कशी? म्हणून समीकरण वाक्यातल्या शब्दासारखं टाकायचं, शब्द सरकला की तेही सरकलं पाहिजे. पॉवरपॉइंट २०१० पासून हे सरळ करता येतं, फक्त एक छोटी गोष्ट कोणी सांगत नाही : इक्वेशनचं बटण दाबायच्या आधी वाक्याच्या आत जिथे समीकरण हवं तिथे क्लिक करायचं, तिथे ती उभी रेघ लुकलुकताना दिसली पाहिजे, मग आल्ट दाबून बरोबरचं चिन्ह (=). रेघ लुकलुकत नसेल तर पॉवरपॉइंटला वाटतं तुम्हाला नवीन चौकट पाहिजे, म्हणून तो मधोमध आणून टाकतो. तुमचं नेमकं हेच होतंय.

आता त्या जागेत टाइप कसं करायचं. (इथे मी क्ष, अ, ब, क लिहितोय, तुमच्या स्लाइडवर पोरांच्या पुस्तकात असतात तशी इंग्रजी अक्षरंच ठेवा. क्ष काही मी शोधून काढलेला नाही हां, क्ष-किरण म्हणतो आपण, त्यातला तोच.) क्ष, मग टोपीचं चिन्ह ^, मग २, मग स्पेस, की झाला वर्ग. ती स्पेस महत्त्वाची आहे, स्पेस दिल्याशिवाय तो २ वर चढत नाही. अपूर्णांकासाठी वरचा आकडा, तिरपी रेघ, खालचा आकडा आणि परत स्पेस. वर्गमूळासाठी बॅकस्लॅश देऊन एस क्यू आर टी आणि स्पेस. झालं की उजवा बाण दाबून बाहेर यायचं आणि मग पुढचं मराठी. बाहेर न येताच पूर्णविराम दिला तर तोही समीकरणातच जाऊन बसतो, आणि त्यापुढचं मराठी पण आतच टाइप होत राहतं, तिथून सगळा घोळ.

मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवाल्यांना अजून एक खड्डा आहे. टोपीसाठी शिफ्ट आणि ६ दाबाल तर "त्र" उमटेल, कारण इनस्क्रिप्टमधे त्या जागी त्र आहे आणि शेजारी ७ वर क्ष. माझ्या एका मित्राने तास दीड तास "क्षत्र२" बघत काढला आणि शेवटी कॉम्प्युटरलाच शिव्या घातल्या. समीकरणात शिरण्याआधी विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर घ्या, बाहेर आलात की परत मराठीवर. पहिले दोन दिवस कटकट वाटते, मग बोटांना आपोआप सवय लागते.

आणि समीकरणाच्या आत मराठी शब्द टाइप करू नका. म्हणजे "अंतर = वेग × वेळ" अख्खं समीकरणाच्या चौकटीत नको. समीकरणाचा जो फॉन्ट असतो, कॅम्ब्रिया मॅथ, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, तो कुठून तरी उसनी आणतो आणि मग वेलांट्या, जोडाक्षरं कशी दिसतील याचा भरवसा नाही. असलं शब्दांचं सूत्र साध्या मजकुरातच लिहा, तिथे समीकरणाची गरजच काय. सेंमी, किलो सारखी एककंही बाहेरच.

आता तुम्ही विचारलं नाही पण उद्या विचारणार ते. वाक्यात टाकलेला अपूर्णांक बारीक दिसतो. ही चूक नाही, ओळीत समीकरण आलं की प्रोग्राम ते मुद्दाम दाबून बसवतो, नाहीतर त्या एका ओळीची उंची वाढून परिच्छेद ओबडधोबड होईल. बेरजेच्या मोठ्या चिन्हाच्या खालीवर असणारे आकडे पण ओळीत असताना बाजूला सरकतात, तेही त्यामुळेच. पुस्तकात हे चालतं, पुस्तक हातभर अंतरावर असतं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला २४ च्या अक्षरातला दाबलेला छेद दिसतच नाही, आणि तो बिचारा विचारतही नाही, शेजारच्याच्या वहीत बघून घेतो.

म्हणून माझा हिशोब असा : ब² − ४अक सारखं, म्हणजे विवेचकासारखं, जे एका उंचीत मावतं ते वाक्यात बिनधास्त टाका. क्ष = ३, अ ≠ ०, √५, हे सगळं वाक्यात. साधा अपूर्णांक असेल तर इक्वेशनच्या टॅबमधे फ्रॅक्शनखाली "लिनिअर" म्हणून प्रकार आहे, त्यात तिरप्या रेघेने एकाच उंचीत येतो, तो घ्या. पण वर्गसमीकरण सोडवायचं ते मोठं सूत्र, उणे ब, अधिक उणे, वर्गमूळ, खाली २अ, ते वाक्यात कोंबू नका हो. एंटर मारा, त्याला स्वतःची ओळ द्या, आजूबाजूला एकही शब्द नको. ओळीत एकटं असलं की तोच अपूर्णांक आपोआप पूर्ण आकाराचा होतो. लग्नात नवरदेवाला पंगतीत कोंबून बसवतो का आपण? मधली पद्धत, म्हणजे वेगळी चौकट करून वाक्यातल्या फटीत बसवणं, ती एवढी सोडा.

अजून एक आपल्या मराठीचीच भानगड आहे, इंग्रजीवाल्यांना ती कळायची नाही. आपल्याला प्रत्यय जोडायचा असतो. "क्ष ची किंमत", "ब² ला ४ ने गुणा". ओळ संपताना क्ष वर राहतो आणि "ची" एकटीच खालच्या ओळीच्या सुरुवातीला येते, वाचणारा अडखळतो. मी अशा वेळी वाक्यच फिरवतो. "क्ष ची किंमत काढा" च्या ऐवजी "किंमत काढा : क्ष". किंवा शिफ्ट-एंटर मारून ओळ जरा आधीच तोडतो म्हणजे दोघं सोबत खाली जातात. लांब समीकरण ओळीच्या टोकाला आलं तर ते अधिक किंवा बरोबरच्या चिन्हापाशी दुभंगतं, त्यालाही हाच उपाय.

दोन लिप्या एका ओळीत बसवायची झटापट आपल्या मराठवाड्याला तशी नवीन नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला निघालं ते उर्दू माध्यमाचं, आमच्या आज्याच्या पिढीतले कितीतरी जण गणित उर्दूतून शिकलेले. घरात मराठी, वहीत उर्दू. त्यांनी काय काय जुळवून घेतलं असेल, आणि आपण एक कीबोर्ड बदलायला कुरकुरतो. असो.

शाळेतला कॉम्प्युटर जुना असेल, ऑफिस २००७ वगैरे, तर आधी जाऊन बघून या. त्यात समीकरण असलेली अख्खी चौकट चित्र बनून दिसते, वाचता येते पण बदलता येत नाही. सोबत पीडीएफ काढून पेनड्राइव्हवर ठेवाच, त्यात काहीच सरकत नाही. फक्त एकेक ओळ येण्याचं अॅनिमेशन जातं, ते गेलं तर गेलं.

प्रश्न : दादा, मी परभणीला पीएचडी करतो, विषय कृषी सांख्यिकी. स्लाइडा लॅटेकच्या (कोडसारखं टाइप करून पानं जुळवायचा प्रोग्राम) बीमरमधे, म्हणजे त्यातल्या स्लाइडांच्या सोयीत, करतो, इंग्रजीत काही अडचण नव्हती. आता शेतकऱ्यांसमोर आणि विस्तार अधिकाऱ्यांसमोर मराठीत मांडायचंय. मराठी टाकलं की एरर येतात किंवा अक्षरं गायब. समीकरणं व्यवस्थित दिसतात, मराठीच दिसत नाही. उलटीच तऱ्हा.
— संशोधक विद्यार्थी, परभणी

उत्तर : उलटी नाही रे, तुझी गाडी जिथून निघाली तिथलीच आहे ही तऱ्हा. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी टेक, म्हणजे तुझ्या लॅटेकचा पाया, १९७८ च्या सुमारास केलं तेच मुळी गणित नीट छापलं जावं म्हणून. वाक्यात समीकरण शब्दासारखं बसवणं हा त्याचा हातखंडा, दोन डॉलरच्या चिन्हांमधे लिहिलं की झालं, पायारेषा, उंची, मोकळी जागा सगळं तो बघतो. देवनागरी मात्र नंतरची पाहुणी.

तू पीडीएफलॅटेकवर चालवत असशील. ते सोडून झीलॅटेक घे, फाइलीची पीडीएफ करून देणारी ही दोन वेगळी इंजिनं. ओव्हरलीफवर, म्हणजे ब्राउझरमधल्या लॅटेकवर, करत असशील तर तिथे हे इंजिन (कंपायलर) बदलायची सोय आहे. मग फॉन्टस्पेक हे पॅकेज, आणि नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यातला एक फॉन्ट. फॉन्ट सांगताना स्क्रिप्ट म्हणजे देवनागरी असा पर्याय द्यायला विसरू नकोस, तो राहिला की "किती" मधली पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे लटकते आणि लोकांना वाटतं तुला शुद्धलेखन येत नाही. लुआलॅटेक हे तिसरं इंजिन वापरलंस तर रेंडरर (अक्षरं जुळवून दाखवणारा) म्हणून हार्फबझ पण सांगावं लागतं, म्हणून म्हणलं झीलॅटेकच घे, कमी कटकट.

दुसरं, बीमर समीकरणातली अक्षरं पण सान्स प्रकारची, बिनफाट्याची करून टाकतो. मराठी मजकुराच्या शेजारी ती अक्षरं मजकुरातच मिसळल्यासारखी वाटतात, क्ष सारखं चल कुठलं आणि शब्द कुठला कळत नाही. यूजफॉन्टथीम मधे "ओन्लीमॅथ" पर्याय देऊन सेरिफ घेतलंस की समीकरणं पुस्तकासारखी तिरपी, फाट्याची दिसतात आणि मराठीपासून वेगळी उठून येतात. मला तरी हेच आवडतं. समीकरणात मराठी शब्द पाहिजेच असेल तर बॅकस्लॅश टेक्स्टच्या कंसात टाक, तिथे तो मजकुराचा फॉन्ट घेतो. ही सोय तुला आहे, वरच्या मॅडमना नाही. क्ष आणि "ची" एकत्र ठेवायला मधे स्पेसऐवजी टिल्ड (~) टाक, मग ती ओळ तिथे तुटत नाही.

साइजबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. तुझा गाइड म्हणेल ११ पॉइंट म्हणजे मुंगीएवढं अक्षर, २४ कर. बीमरचं पान मुळात छोटं असतं, १६:९ घेतलं तर १६ सेंमी रुंद आणि ९ सेंमी उंच. पॉवरपॉइंटची तशीच स्लाइड जवळपास ३४ सेंमी रुंद. दोन्ही पडद्यावर तेवढीच मोठी होतात, म्हणजे बीमरचे ११ हे पॉवरपॉइंटचे साधारण २३ झाले. त्याला हा त्रैराशिकाचा हिशोब कागदावर मांडून दाखव, संख्याशास्त्रवाला माणूस आहे, ऐकेल.

ओळीतला अपूर्णांक मोठा दिसावा म्हणून डीफ्रॅक वापरायचा मोह होतो, करू नकोस. ओळी दूर फाकतात आणि दातात फट पडल्यासारखं दिसतं. आणि एक सांगू का, शेतकऱ्यांसमोर प्रमाण विचलनाचं सूत्र वर्गमूळासकट दाखवायचंच कशाला? "दर वर्षीचा पाऊस सरासरीपेक्षा साधारण किती मिलिमीटरने इकडे तिकडे होतो" असं म्हण आणि आकडा सांग. परभणीतल्या माणसाला पाऊस इकडे तिकडे होणं म्हणजे काय ते तुझ्या माझ्यापेक्षा जास्त कळतं. सूत्र शेवटच्या स्लाइडवर ठेव, कोणी विचारलं तर काढायचं.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत गूगल स्लाइड्स वापरतो. त्यात समीकरण टाकायचं बटणच सापडत नाही. गूगल डॉक्समधे तर आहे.
— एक गुरुजी, हिंगोली

उत्तर : गुरुजी, डोळे नीट आहेत तुमचे, डॉक्समधे आहे आणि स्लाइड्समधे नाही. पण सातवी आठवीपर्यंत त्यावाचून अडतही नाही. घातांकासाठी आकडा निवडून कंट्रोल आणि टिंब दाबा, वर चढतो. पादांकासाठी कंट्रोल आणि स्वल्पविराम. √, ×, ÷, ≠ ही चिन्हं इन्सर्टमधे स्पेशल कॅरेक्टर्स मधे मिळतात, आणि तिथे तर माउसने चिन्ह काढून दाखवलं तरी ते शोधून देतं, पोरांना फार गंमत वाटते. हे सगळं साधी अक्षरंच असल्याने वाक्यात बसतं आणि वाक्यासोबतच सरकतं. उभा अपूर्णांक मात्र असा जमत नाही. तो दुसरीकडे करून चित्र म्हणून आणा, पाठीमागचा रंग पारदर्शक ठेवा, आणि वेगळ्या ओळीवर ठेवा. वाक्याच्या मधे नाही. वरच्या मॅडमचं वाचलंत ना.

प्रश्न : लिबरऑफिस इम्प्रेसमधे (पॉवरपॉइंटसारखा प्रोग्राम) फॉर्म्युला वाक्याच्या आत कसा घालायचा? त्यांच्याच रायटरमधे (वर्डसारखा) जमतं.
— अंबाजोगाई

उत्तर : नाही जमत. रायटरमधे फॉर्म्युला अक्षरासारखा ओळीत बांधता येतो, इम्प्रेसमधे तो स्लाइडवर सुटा ऑब्जेक्ट म्हणूनच राहतो. फुकट मिळतं, मला आवडतं, पण हे एक दुखणं आहे त्याचं. वाक्य असं रचायचं की ते "खालीलप्रमाणे" वर संपेल आणि फॉर्म्युला खाली स्वतंत्र. वर्ग, घन, पादांक तेवढे साध्या मजकुरात वरखाली करून घ्यायचे.

प्रश्न : माझ्या २०१२ सालच्या स्लाइडांमधली समीकरणं आता डबल क्लिक केलं तरी उघडत नाहीत. फाइल खराब झाली का? दहा वर्षांची मेहनत आहे.
— निवृत्त प्राध्यापक, बीड

उत्तर : फाइल चांगली आहे सर, ज्याने उघडायची तो प्रोग्रामच गेलाय. तुम्ही ती इक्वेशन एडिटर ३.० मधे केलेली असणार. त्यात सुरक्षेचं मोठं भोक सापडलं आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ च्या अपडेटमधे तो ऑफिसमधून काढूनच टाकला. समीकरणं दिसत राहतात, बदलता येत नाहीत. मॅथटाइप नावाच्या प्रोग्रामात ती अजून उघडतात, ज्या कंपनीने तो जुना एडिटर केला तिनेच मुळात तो केला. नुसती दाखवायची असतील तर हातच लावू नका. बदलायची असतील तेवढीच नव्याने टाइप करा, आल्ट आणि बरोबरचं चिन्ह. दहा वर्षांची सगळी बसून परत करू नका, डोळे जपा.

प्रश्न : काका मी जालन्याचा, दहावीला आहे. प्रोजेक्टच्या स्लाइडमधे समीकरण वहीत लिहून फोटो टाकला तर चालतो का?
— एक विद्यार्थी

उत्तर : चालतो की. तुझ्या अक्षरातलं समीकरण मला तरी बघायला आवडेल. फक्त रेघांच्या वहीत लिहू नको, रेघ आणि अपूर्णांकाची रेघ एकात एक मिसळते, कोरा कागद घे. जाड काळा पेन, जेल असला तर उत्तम. ट्यूबलाइटखाली काढू नको, कागद चमकतो आणि तुझ्याच हाताची सावली पडते. सकाळी ओसरीत बसून काढ, मोबाइल सरळ वरून धरून, आणि चारी बाजूंनी नीट कापून घे, नाहीतर कोपऱ्यात चहाचा कप दिसतो आणि पोरं दिवसभर त्यावरूनच बोलत बसतात.